छातीत दुखतंय आणि तपासणीला अजून बारा दिवस आहेत: तोवर काय करायचं?

तुमची हकिगत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कोणासाठी आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वय 47, सांगलीत बँकेत नोकरी. तीन आठवड्यांपासून छातीत मधूनमधून दाब आल्यासारखं होतं. कधी जिना चढताना, कधी रात्री जेवून आडवं झाल्यावर. ईसीजी दोनदा काढला, दोन्ही वेळा नॉर्मल आला. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्ट्रेस टेस्टला (फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली. रक्तदाबाची गोळी चालू आहे, तंबाखू आहे, वडिलांची बायपास त्यांच्या 52 व्या वर्षी झाली. घरचे म्हणतात गॅस आहे. मित्राने सॉर्बिट्रेटची, म्हणजे जिभेखाली ठेवायच्या हृदयाच्या गोळ्यांची, पट्टी खिशात ठेवायला दिली. मेहुणे म्हणतात, थेट पुण्याला जाऊन ॲन्जिओग्राफी करून टाका.

बारा दिवसांनंतरची तारीख देताना डॉक्टरांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: तुमचं दुखणं आज जसं आहे तसंच तोवर राहील. ते बदललं की तारीख रद्द झाली असं समजा आणि त्याच दिवशी, रात्रीचे दोन वाजले असले तरी, तातडीच्या विभागात जा. "परवा तपासणी आहेच, तेव्हा दाखवू" म्हणून थांबलेले पेशंट आम्ही सगळेच डॉक्टर पाहतो, आणि त्यातले काही परवापर्यंत पोचत नाहीत.

बदलणं म्हणजे नेमकं काय? आधी दोन मजले चढल्यावर दाब यायचा, आता बाथरूमपर्यंत चालतानाही येतो. आठवड्यातून दोनदा व्हायचं, आता रोज होतं. थांबलं की दोन-तीन मिनिटांत जायचं, आता दहा मिनिटं रेंगाळतं. काहीही न करता खुर्चीत बसल्या बसल्या सुरू होतं, किंवा झोपेतून उठवतं. यातली एकही गोष्ट घडली तर हृदयाच्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी धरू लागली असण्याची शक्यता असते. त्या क्षणी काढलेला ईसीजीसुद्धा कधी कधी नॉर्मल दिसतो. म्हणूनच तातडीच्या विभागात एका ईसीजीवर भागवत नाहीत. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात. ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात, त्यामुळे तेही बहुतेक वेळा दोनदा करावं लागतं. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून हट्टाने घरी निघू नका.

तुमच्या बाबतीत मला खटकलेली गोष्ट इथेच सांगतो. रात्री आडवं झाल्यावर येणारा दाब आम्लपित्ताचा असू शकतो, पण तो बसल्या जागी येणारा हृदयाचा दाबही असू शकतो, आणि हा फरक लिहिलेल्या चार ओळींवरून मला करता येणार नाही. तारीख देणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही जिन्याचं सांगितलंत; रात्रीचं सांगितलं होतं का? नसेल तर उद्या सकाळी फोन करून सांगा. तारीख अलीकडे येण्याची बरीच शक्यता आहे. दवाखान्यात माणसं "थोडं दुखतं" एवढंच सांगतात आणि खरी माहिती घरी परतताना बायकोला सांगतात, हा आमचा नेहमीचा अनुभव.

आता सरळ धावायचं कधी ते. छातीत दाब, आवळल्यासारखं किंवा जड वाटणं 15 मिनिटांपेक्षा जास्त टिकलं. दुखणं जबडा, मान, खांदा, डावा हात किंवा दोन्ही हातांकडे गेलं. सोबत दरदरून घाम, धाप, मळमळ, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली. यातलं एकही झालं तर 108 ला फोन करा. (पाठीत सुरा खुपसल्यासारखी अचानक आणि प्रचंड कळ आली तर तेही तातडीचंच, पण तिथे महाधमनी फाटल्याची शंका असते आणि ॲस्पिरिन घ्यायची नसते.) स्वतः गाडी चालवत जाऊ नका. मुलाच्या दुचाकीवर मागे बसूनही नको. वाटेत शुद्ध हरपली तर दोघेही पडाल. ॲम्ब्युलन्सला फारच वेळ लागणार असेल तर शेजाऱ्याची चारचाकी, मागच्या सीटवर तुम्ही आणि सोबत एक माणूस.

मधुमेह असलेल्या बऱ्याच जणांना आणि बऱ्याच बायकांना कित्येकदा छातीत दुखतच नाही, नुसती धाप लागते, कमालीचा थकवा येतो, घाम फुटतो किंवा पोटाच्या वरच्या भागात कसंतरी होतं. त्यातही बाईमाणूस "आज जरा दमल्यासारखं होतंय" म्हणत चार पोळ्या जास्त लाटते. घरात असं कोणी असेल तर त्यांच्या बाबतीत यातलं थोडंसं जरी दिसलं तरी तातडीचं समजा.

हे सगळं आजच ठरवून ठेवायचं आहे, दुखायला लागल्यावर नाही. तुमच्या घराजवळ रात्री ईसीजी काढणारं आणि डॉक्टर हजर असणारं रुग्णालय कोणतं? कॅथ लॅब, म्हणजे तिथल्या तिथे ॲन्जिओप्लास्टी (नळी घालून रक्तवाहिनीतला अडथळा उघडणं) करण्याची सोय, कुठे आहे? सांगली-मिरजेत राहणाऱ्याला हे प्रश्न सोपे आहेत. जत किंवा आटपाडीकडच्या माणसाला नाहीत. तिथे नियम लक्षात ठेवायचा: हृदयविकाराचा मोठा झटका असेल आणि ॲन्जिओप्लास्टीपर्यंत पोचायला दोन तासांहून जास्त लागणार असतील, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच घेऊन मग पुढे जाणं हिताचं. इंजेक्शनचा उपयोग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त होतो आणि 12 तासांनंतर फारसा उरत नाही. तेव्हा "मोठ्या गावाला नेऊ" म्हणून तालुक्याचं रुग्णालय ओलांडून जाऊ नका. निदान ईसीजी तरी तिथे काढा. एका पिशवीत जुने ईसीजी, चालू गोळ्यांची चिठ्ठी, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि विम्याचे कागद घालून ती दाराजवळ ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ॲन्जिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही येतात. जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते आधी विचारून ठेवलं तर ऐन वेळी पैशाच्या काळजीने पाऊल अडत नाही.

गोळ्यांबद्दल बराच गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झटक्याची शंका असेल तर साधारण 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून घ्यायची. इकोस्प्रिन 75 च्या चार गोळ्या चालतील. डिस्प्रिन म्हणजेही ॲस्पिरिनच. चावायची, गिळायची नाही, कारण इकोस्प्रिनवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं आणि नुसती गिळली तर परिणाम व्हायला उशीर होतो. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, पोटात व्रण होऊन रक्तस्राव झाला असेल, रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू असेल, किंवा अंगात ताप असून डेंग्यूची शंका असेल तर घेऊ नका. पावसाळ्यात ही शेवटची बाब आपल्याकडे नीट लक्षात ठेवावी लागते. तुम्हाला ॲस्पिरिन चालते की नाही हे उद्याच्या फोनमध्ये डॉक्टरांना विचारून घ्या. आणि रोजची ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका, ती गोष्ट वेगळी आहे.

सॉर्बिट्रेटची पट्टी मित्राला परत करा, किंवा डॉक्टरांना विचारून तुमच्या नावाने लिहून घ्या. ही गोळी जिभेखाली ठेवली की रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. रक्तदाब आधीच कमी असेल, किंवा माणूस उभा असताना ती घेतली, तर तो कोसळतो. डोकं फुटून आलेले पेशंट यातूनच येतात. शिवाय लैंगिक संबंधांसाठी सिल्डेनाफिल 24 तासांत किंवा टाडालाफिल 48 तासांत घेतलेलं असेल तर सॉर्बिट्रेट जिवावर बेतू शकते. हे औषध पुरुष लपवून घेतात आणि लपवूनच ठेवतात. तातडीच्या विभागात मात्र विचारलं नाही तरी सांगा, तिथे कोणी हसत नाही. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असेल तर खाली बसून एक जिभेखाली ठेवायची, आणि पाच मिनिटांत आराम पडला नाही तर दुसरी तिसरी करत न बसता 108 लावायचा.

आणखी एक समजूत: सॉर्बिट्रेटने बरं वाटलं म्हणजे हृदयाचंच, आणि जेलुसिलने बरं वाटलं म्हणजे पित्ताचंच. दोन्ही चूक. सॉर्बिट्रेटने अन्ननलिकेचा आकडीसारखा ताणही सैल पडतो, आणि हृदयाचं दुखणं आपोआप थांबायच्या वेळेलाच कोणी ओवा-पाणी दिलेलं असतं. ओव्याने निदान होत नाही.

दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक अशा वेदनाशामक गोळ्या या दिवसांत घेऊ नका. त्या हृदयविकाराचा धोका वाढवतात, रक्तदाबही चढवतात. अगदीच लागली तर पॅरासिटामॉल. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. ती मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा नावाची असेल तर ती अचानक बंद करणं घातक ठरू शकतं. स्ट्रेस टेस्टसाठी ती थांबवायला सांगतात कधी कधी, पण ते डॉक्टरांनीच सांगायचं, लॅबच्या काउंटरवरच्या मुलाने नाही. जोरजोरात खोकल्याने झटका थांबतो असा जो संदेश व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो, तो पुसून टाका. घरी एकट्या माणसाने खोकत बसण्यात फोन करायची वेळ जाते.

मग ईसीजी नॉर्मल आला त्याचं काय? तुम्ही झोपून, शांतपणे, दुखत नसताना काढलेला ईसीजी आहे तो. घाटात गाडी दम टाकते की नाही हे ती दारात उभी असताना कळत नाही. श्रमाने येणाऱ्या हृदयाच्या दुखण्याच्या कितीतरी पेशंटमध्ये आरामातला ईसीजी अगदी स्वच्छ असतो. दुखत असताना काढलेल्या एका ईसीजीची किंमत अशा दहा ईसीजींपेक्षा जास्त. टू-डी इकोही तसाच: झडपा, हृदयाची भिंत कशी हलते, पंपिंग किती, हे त्यात उत्तम दिसतं, रक्तवाहिनीतला अडथळा दिसत नाही. आधी झटका येऊन गेला असेल तर भिंतीचा तेवढा भाग कमी हलताना कळतो. "इको नॉर्मल, पंपिंग 60 टक्के" हे वाचून पेढे वाटायची घाई नको.

दुखण्याची जातकुळी ओळखायला आम्ही आजही तीनच प्रश्न विचारतो. छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखं, आवळल्यासारखं आहे का? श्रमाने किंवा मनस्तापाने येतं का? थांबल्यावर साधारण पाच मिनिटांत जातं का? तिन्हींना हो असेल तर हृदयाचा संशय बळकट, एकच असेल तर क्षीण. 1768 मध्ये लंडनच्या विल्यम हेबर्डन या वैद्याने हे दुखणं मांडताना चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच ते पकडतं आणि थांबलं की नाहीसं होतं, असं टिपलं होतं. तेव्हा ईसीजी नव्हता. हे वर्णन अजून तसंच लागू पडतं, म्हणून तुम्हाला पहिलं काम देतो ते वहीचं.

प्रत्येक वेळी दुखलं की लिहा: तारीख, वेळ, त्या वेळी काय करत होतात, जेवून किती वेळ झाला होता, कुठे दुखलं, किती मिनिटं टिकलं, कशाने थांबलं. बोटाने दाखवता आलं की तळहाताने? एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, तिथे दाबल्यावर दुखत असेल, कूस बदलल्याने किंवा खोल श्वासाने वाढत असेल, तर ते बरगडीच्या सांध्याचं, स्नायूचं किंवा फुप्फुसाच्या आवरणाचं असण्याकडे कल जातो. काही सेकंदांपुरती सुई टोचल्यासारखी चमक हृदयाची क्वचितच असते. झोपल्यावर छातीत जळजळ, तोंडाला आंबट पाणी, उठून बसल्यावर बरं, हे आम्लपित्ताकडे जातं. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होते आणि दोन-चार दिवसांनी तिथेच पुरळ उठतं ती नागीण. पुरळ यायच्या आधी तिने भल्याभल्यांना चकवलं आहे. आणि खूप धडधड, हातापायांना मुंग्या, आता मरतोच असं वाटणं हा भीतीचा झटका असू शकतो. पण हे शेवटचं निदान डॉक्टरांनी हृदय तपासून झाल्यावर करायचं. घरच्यांनी "टेन्शन घेतोस म्हणून" असं आधीच ठरवायचं नाही. भारतीय उपखंडातल्या माणसाला पहिला झटका येण्याचं मधलं वय 53 निघालं, इतर देशांत ते जवळपास 59 होतं. हे ज्या जागतिक पाहणीत दिसलं तिचा निष्कर्ष आम्ही ओपीडीत रोज पाहतो. 47 हे वय आपल्याकडे लहान नाही. वडिलांना 55 च्या आत त्रास झाला, हीही तुमच्या बाजूने नसलेली गोष्ट.

तंबाखू आजपासून बंद. मळायची, पुडीची, मिश्री, सगळी. बारा दिवसांत रक्तवाहिन्या नव्या होत नाहीत हे खरं, पण निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढतात, रक्तवाहिनी आकसते, आणि विडी-सिगारेटच्या धुराने रक्त गोठायची वृत्ती वाढते. ती सोडल्याचा फायदा लवकर सुरू होतो. तलफ असह्य झाली तर निकोटिनची चघळण्याची गोळी स्वतःच आणू नका, डॉक्टरांना विचारा.

हालचालीचं म्हणाल तर अंथरूण धरायची गरज नाही. सपाट रस्त्यावर, दुखणार नाही इतक्या वेगाने, जेवणानंतर तास-दीड तास सोडून चाला. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग. दाब आला की तिथेच थांबायचं, "अजून कोपऱ्यापर्यंत" नाही. जिम, बॅडमिंटन, गॅसचा सिलिंडर उचलणं, बंद पडलेली दुचाकी ढकलणं, गड चढणं हे तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवा. कामावर जायला हरकत नाही, पण शाखा दुसऱ्या मजल्यावर असेल तर जिन्यात टप्प्यावर थांबत जा. थंडीत पहाटे पाचला फिरायला निघणारे सकाळी आठला निघोत. शरीरसंबंधांचं विचारायला लोक लाजतात: दोन मजले न थांबता, दाब न येता चढता येत असतील तर सहसा चालतं. तुम्हाला जिन्यातच दाब येतो, त्यामुळे तूर्त नको. लांबचा प्रवास, स्वतः गाडी चालवत पुण्या-मुंबईला जाणं टाळा. जेवण कमी आणि रात्री लवकर, एवढं पुरे. या बारा दिवसांसाठी नवा काढा आणि नवा उपास नको.

मधल्या काळात करून घ्यायच्या रक्ताच्या तपासण्या साध्या आहेत: हिमोग्लोबिन, साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉलचा सगळा तक्ता, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं आहे ते कळतं), थायरॉइड. हिमोग्लोबिन 8 असलेल्या माणसाला अडथळा नसतानाही श्रमाने छातीत दुखू शकतं. ते कारण सापडलं तर उपचाराची दिशाच बदलते.

मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल. थेट ॲन्जिओग्राफी करायची ती दुखणं अस्थिर असेल तेव्हा, किंवा इतर तपासण्यांत मोठा धोका दिसला तर. स्थिर दुखण्यात घाईने स्टेंट टाकल्याने, नीट औषधोपचाराच्या तुलनेत, मृत्यू किंवा झटका कमी होतो असं 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया नावाच्या मोठ्या चाचणीत दिसलं नाही. दुखणं मात्र कमी होतं. तुमच्यासारख्या माणसाला विचारण्याजोगा मधला रस्ता म्हणजे सीटी ॲन्जिओग्राफी. हाताच्या शिरेतून औषध देऊन काढतात, मांडीतून किंवा मनगटातून नळी घालत नाहीत, आणि ती स्वच्छ आली तर मोठा अडथळा नाही असं बऱ्याच खात्रीने सांगता येतं. स्ट्रेस टेस्टला ती खात्री नाही: अडथळा असलेल्या साधारण तिघांपैकी एकाला ती नॉर्मल म्हणते आणि बायकांमध्ये उगाच बिघाडही दाखवते. सीटीसाठी क्रिएटिनिन ठीक हवं आणि नाडी साठच्या आसपास आणावी लागते. तुमच्या डॉक्टरांना "ट्रेडमिलऐवजी सीटी चालेल का?" एवढं विचारा. ते का नको म्हणतात तेही ऐका; त्यांनी तुमची छाती तपासली आहे, मी नाही.

तपासणीच्या दिवशी हलकं खाऊन दोन-तीन तास झालेले असू द्या, पायात बूट असू द्या, वही सोबत न्या. पट्ट्यावर चढायच्या आधी तंत्रज्ञाला नाही, तिथल्या डॉक्टरांना सांगा की गेल्या दोन दिवसांत बसल्या जागी किंवा रात्री दुखलं का. दुखलं असेल तर त्या दिवशी पट्ट्यावर पळवणं धोक्याचं असतं. टेस्ट थांबवून आधी ट्रोपोनिन बघतात. पैसे भरले आहेत, सुट्टी टाकली आहे म्हणून गप्प राहू नका. आणि पट्ट्यावर दाब आला तर लगेच बोला, किती मिनिटं टिकलो याचं बक्षीस नसतं.